चौसष्ट गुणांची पत्रिका

डार्कटेबल हे फोटोंवर हात फिरवायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. मिळतं फुकट, पण उतरवल्यावर थेट चालू करायचं नाही, आधी हॅश तपासायचा, असा जाणकारांचा दंडक. फाईलमधल्या झाडून सगळ्या बाइट्सवरून गणित जी खूण काढतं, तो हॅश. संकेतस्थळावर दिलेल्या मूळ हॅशशी आपला जुळला, तरच फाईल तीच. शा-256 या पद्धतीची खूण 64 अक्षरी. फाईलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी अख्खी खूण पालटते. लग्नाच्या पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले की गुरुजी मुहूर्त काढून मोकळे होतात. इथे 63 जुळले तरी स्थळ बाद!

लिनक्सवाले एका आज्ञेत जुळवून चहाला जातात. आमच्या विंडोजवर सर्टयुटिल या आज्ञेनं हॅश निघाला खरा, पण मूळ हॅश फोनवर उघडलेला. मग बायकोला वाचायला बसवलं.

"सात, एफ, डी..."

"बी की डी?"

"डी हो! डमरूतला!"

"बरं, पुढे?"

"पी."

"अगं, यात पी नसतोच. ए ते एफ एवढीच अक्षरं."

"मग तुम्हीच वाचा."

अशा वेळी बहुतेक लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून बाकीचं देवावर सोडतात. शिवाय फाईल आणि हॅश एकाच संकेतस्थळावर असले, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. 2016 च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या संगणकप्रणालीच्या संकेतस्थळात घुसून भामट्यांनी डाउनलोडचा दुवाच बदलला होता. ते दुव्यावर थांबले नाहीत, शेजारचा हॅशही बदलला. त्याला कितीसा वेळ लागतो?

हॅशचा एक गुण मात्र मानला. तो नाव बघत नाही. डाउनलोड्समध्ये 'सेटअप (1)' आणि 'सेटअप नवीन नक्की' हे दोघे अक्षरशः एकच निघाले.

हे बघून बायकोनं लग्नातला एकच फोटो दोन ठिकाणांहून काढून दिला. एक कॅमेऱ्यातला, दुसरा व्हॉट्सॲपवरून आलेला, म्हणजे वाटेत पिळून बारीक झालेला. हॅश म्हणाला, दोन्ही वेगळे.

"डोळे फुटलेत का त्याचे?"

शेवटी डिजिकॅम हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात दिसण्यावरून सारखे फोटो शोधायची सोय आहे. त्यानं ही जोडी बिनबोभाट लावली. वर दोन निरनिराळ्या लग्नांतले माझे फोटोही एकत्र आणून ठेवले. शर्ट तोच होता.

"याला कळतं हो," बायको म्हणाली.