बाबांचे जाकीट कोणत्या पक्षाचे?

आज दुपारी गोखले रोडवरच्या एका दुकानात बाबांचे जुने जाकीट घेऊन गेले होते. धाकट्या बहिणीच्या मुलाला साखरपुड्यात आजोबांचेच जाकीट घालायचे आहे, म्हणून ते छातीत थोडे सैल करून मिळेल का, एवढेच विचारायचे होते. काउंटरवरच्या मुलाने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘काकू, हे कोणत्या पक्षाचं?’’ तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी भर घातली, ‘‘आता ह्याला मोदी जाकीट म्हणतात.’’ दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते, हे मला कळते. तरीही मी जाकीट पिशवीत घातले आणि घरी परत आले. तेव्हापासून डोके शांत नाही, म्हणून लिहिते आहे.

हे जाकीट १९६१ सालचे आहे. राखाडी लोकरी कापड, उभी कॉलर, पाच बटणे. त्यांतले खालून दुसरे आईने नंतर लावलेले, म्हणून किंचित काळपट. जांभळी नाक्याजवळच्या एका शिंप्याने ते शिवले. काजे हाताने केलेली आहेत आणि एवढ्या वर्षांत त्यांचा एक दोरा निघालेला नाही. कॉलरच्या आतल्या बाजूला मात्र घामाचा एक पट्टा आहे, जो कशानेच गेला नाही.

बाबा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा समितीच्या निदर्शनांसाठी काळे निशाण घेऊन ठाण्याहून जी माणसे गेली, त्यांत बाबा होते. मुंबईच्या प्रश्नावरून नेहरूंवर त्यांचा जो राग होता, तो त्यांनी शेवटपर्यंत लपवला नाही. त्याच बाबांनी २७ मे १९६४ ला नेहरू गेल्याची बातमी आली तेव्हा ट्रंकेतून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, हे लोकरी जाकीट बाहेर काढले आणि त्या उकाड्यात, चरईतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात भरलेल्या शोकसभेत ते गळ्यापर्यंत बटणे लावून उभे राहिले. मी सहा वर्षांची होते. आई म्हणाली, वरचे बटण तरी काढा. त्यांनी काढले नाही. तो पट्टा त्या दिवसाचा आहे.

आता सांगा, हे जाकीट कोणत्या पक्षाचे?

जग ज्याला ‘नेहरू जॅकेट’ म्हणते तो तर नेहरूंचा पेहराव नव्हताच. त्यांची अचकन गुडघ्यापर्यंत लांब असे, काजात गुलाब असे. एरवी कुडत्यावर बिनबाह्यांचे जाकीट. पाश्चात्त्यांनी ती अचकन कमरेखाली छाटली, उभी कॉलर तेवढी ठेवली आणि वर नाव नेहरूंचे दिले. १९६२ च्या पहिल्या बाँडपटातला खलनायक उभ्या कॉलरच्या कोटात आला, ऑगस्ट १९६५ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियमवर बंद गळ्याचे कोट घालून गायले, १९६८ मध्ये अमेरिकन टीव्हीचा लोकप्रिय सूत्रसंचालक जॉनी कार्सनने तो कार्यक्रमात घातला आणि अमेरिकेत त्याचे वेड पसरले. मग दशक संपता संपता ते ओसरलेही. ज्यांच्या नावावर हे सारे खपले ते नेहरू तोवर हयातही नव्हते. मे महिन्यात लोकर अंगावर चढवून घामाघूम उभ्या राहिलेल्या एका मराठी माणसाला त्या कपड्यात काय दिसत होते, याच्याशी त्या पाश्चात्त्य दुकानदारांचे काय देणेघेणे?

आणि आपण तरी काय वेगळे करतो? २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भेट मिळालेल्या जाकिटांना ‘मोदी व्हेस्ट’ म्हटले आणि इथे नावावरून रण माजले. एकजण म्हणतो आमच्या नेत्याचे, दुसरा म्हणतो आमच्या. बंडी नेहरूंच्याही आधीपासून शेतकऱ्याच्या अंगावर होती, तेव्हा तिला त्यांचे तरी नाव का द्यावे, हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. रंगीबेरंगी जाकिटांमुळे चार शिंप्यांना काम मिळते, हेही ठीक. पण निवडणूक आली की एका रात्रीत शंभर जाकिटे एका रंगात रस्त्यावर उतरतात, तेव्हा मला संताप येतो. आमच्या लहानपणी शाळेचे हेडमास्तर, वाचनालयाचे कार्यवाह, नगरपालिकेतला विरोधी सभासद, सगळेच जाकीट घालत. आज चार माणसांत उभे राहायचे आहे तर नीट उभे राहू, एवढा त्याचा अर्थ होता. ज्याच्याविरुद्ध काळे निशाण धरले, त्याच्या मृत्यूनंतर गळ्याचे बटण सोडायचे नाही, हे त्यातच आले.

त्या मुलाला यातले काहीच सांगितले नाही, ही माझी चूक झाली. वीस-बावीस वर्षांचे पोर ते, त्याने जाकिटे पाहिली ती प्रचाराच्या गाडीवरचीच. दोन मिनिटे थांबून सांगायला हवे होते.

संध्याकाळी भाचा कोपरखैरण्याहून आला. त्याने जाकीट घातले, तर छातीवरची दोन बटणे लागेनात. ‘‘मावशी, उघडंच घालतो ना,’’ म्हणाला. मी नाही म्हटले. मग चष्मा लावून अस्तर उलटले आणि पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या शिवणीत त्या शिंप्याने चांगली दोन-दोन बोटे माया ठेवलेली आहे. आतली लोकर अजून नव्यासारखी गडद आहे. उद्या सकाळी मी स्वतःच उसवायला बसणार आहे. सैल केल्यावर दोन्ही कुशींत गडद पट्टे दिसतील, असे भाच्याला सांगितले. तो म्हणाला, दिसू देत.