पाच वॉट म्हणे शेजाऱ्याला ऐकूच येत नाहीत!

भाचा अकरावीत आहे, दोन वर्षं गिटार वाजवतोय. रविवारी रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवला: 'घरी वाजवणाऱ्यांनो, ट्यूब ॲम्प घेण्याआधी हे वाचाच!' खाली त्याचा प्रश्न, 'मामा, ५ वॉटचा घेऊ ना? बाबा तयार आहेत.' ट्यूब ॲम्प म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर. हाच मजकूर याआधी तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचल्यासारखा केला होता. आता घरातच शिरलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

'५ वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या एक दशांश आवाज करतो, शेजाऱ्याला कळतही नाही.'

वॉट म्हणजे ताकद, आवाज नव्हे. ताकद दहापट कमी केली की १० डेसिबल उतरतात, आणि कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. निम्मा, एक दशांश नाही! गिटारचे बरेच स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, ९७ ते १०० डेसिबल देतात. ९७ धरले तरी ५ वॉटला १०४ होतात. आता आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम बघा: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. खासगी वाद्य किंवा यंत्र असेल तर आपल्या जागेच्या हद्दीवर याहून फार तर ५ जास्त. भिंत आणि अंतर बराच आवाज खातात, कबूल. पण ताई राहते त्या इमारतीत शेजारच्या काकूंनी चटणी वाटायला घेतली तरी हॉलमध्ये बसून कळतं, आणि मे महिन्यात खिडक्या लावून कोण बसतं?

यात अर्धं खरं आहे, तेही नाइलाजाने सांगतो. छोटा ॲम्प लवकर फाटतो, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण दमात आल्यावरचा तो गोड खरखरीत टोन मोठ्या ॲम्पपेक्षा कमी आवाजात मिळतो. पण 'कमी' म्हणजे त्याच खोलीत ड्रम वाजत असला तरी गिटार ऐकू येईल इतका. म्हणून वॉटचा आकडा बघण्याआधी मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे टोन फाटका ठेवून शेवटचा आवाज खाली आणणारी खुंटी, आहे का ते बघावं. काही ॲम्पना ५, १ आणि ०.१ वॉट असं बटण असतं. ते असलं तर उत्तम. तरी ०.१ वॉटलाही हिशेबाने ८७ डेसिबल निघतातच.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो तो मुद्दा: 'रात्री स्पीकरची वायर काढून त्याच जॅकमध्ये हेडफोन लावा. ॲम्पला काही होत नाही.'

होतं. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकर हा त्याचा लोड. लोड काढून तुम्ही वाजवत राहिलात की ती ऊर्जा जाणार कुठे? ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूवर, म्हणजे प्रायमरीवर, व्होल्टेज भलतंच उसळतं, वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं, नाहीतर सॉकेटवर ठिणगी उडते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला शॉर्ट चालत नाही, व्हॉल्व्हच्या ॲम्पला ओपन, म्हणजे लोडच नसणं, चालत नाही, इतका साधा नियम आहे. मी तो स्वतःच्या खर्चाने शिकलोय. स्पीकरची पिन अर्धवट बसली होती, मला पत्ता नाही. आवाज येईना म्हणून मी व्हॉल्यूम चढवला, तर ट्रान्सफॉर्मरमधूनच गिटारचे बारीक सूर ऐकू यायला लागले. मला गंमत वाटली! मग वार्निश जळल्याचा वास आला. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका जुन्या रेडिओवाल्या काकांनी तो रिवाइंड करून दिला आणि वर पोटभर सुनावलं. हेडफोनचं म्हणाल तर तो वॉटच्या हजाराव्या भागांवर चालतो. त्यात ५ वॉटचा ॲम्प सोडला की आधी कान जातील की हेडफोन, एवढंच बघायचं. आत लोड बसवलेला वेगळा हेडफोन जॅक असेल आणि मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल, तरच स्पीकर काढा. नाहीतर लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरच्या जागी लोड म्हणून लावायचा डबा, घ्या.

याच फॉरवर्डमध्ये 'मागचं झाकण उघडून स्वतः साफ करा' हेही आहे. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. अकरावीतल्या मुलाला हे सांगणाऱ्याला काय म्हणावं?

बाकीचं चटकन उरकतो. 'अमेरिकेहून मागवा, कन्व्हर्टर लावा': तिकडचा ॲम्प १२० व्होल्टचा. त्याला नीट वॉटेजचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर नाही. शिवाय नुसत्या ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो. न्यू जर्सीच्या मावशीला बॅग भरू दे, पण त्यात ॲम्प नको. 'दर सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह बदला': घरच्या वाजवण्यात पॉवरचे व्हॉल्व्ह काही वर्षं जातात, गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारे प्रीॲम्पचे त्याहून जास्त. 'आत नारंगी उजेड दिसला की खरा ट्यूब ॲम्प': काही ठिकाणी तो उजेड व्हॉल्व्हमागच्या एलईडीचा असतो. ऑरेंज कंपनीच्या मायक्रो टेरर ॲम्पमध्ये प्रीॲम्पला एक व्हॉल्व्ह आहे, पण २० वॉटचा पॉवर भाग सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा. वाईट नाही, फक्त काय घेतोय ते माहीत असावं. 'मॉडेलिंग ॲम्प म्हणजे खेळणं' (म्हणजे इतर ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) यावर मी भांडत नाही. रात्री अकरा वाजता हेडफोन लावून मी तेच खेळणं वाजवतो.

भाच्याला कळवलंय, शनिवारी दुकानात स्वतःची गिटार घेऊन जाऊ. मास्टर अगदी खाली ठेवून त्याने वाजवायचं आणि ताईने दार लावून बाहेर उभं राहायचं. तिने होकाराची मान हलवली तर घेऊ.