साहेबाच्या साखळीत म्हणे इंचाचाही फरक नव्हता!

कोकणातल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा: ‘इंग्रज साहेबाने घोड्यावरून येऊन स्वतः साखळी टाकून आपल्या पूर्वजांची जमीन मोजली, इंचाचाही फरक नाही. ज्या सर्व्हेने एव्हरेस्टची उंची काढली त्याच सर्व्हेने आपली भातखाचरं मोजली. एक पैशाची लाच नाही. रयतेला मालकी साहेबानेच दिली. तेव्हा बांधावरून भांडणं नव्हती. आज सॅटेलाईटचं मशीन लावून जमीन कमी भरते, म्हणजे खात्याने ती खाल्ली.’ खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक कोकणी माणसापर्यंत पोचवा’. नुसती करमणूक असती तर सोडून दिलं असतं, पण लोक आता भावकीच्या बैठकीत हा मेसेज पुरावा म्हणून वाचून दाखवायला लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एव्हरेस्टचं आधी उरकू. तो सर्व्हे वेगळा. १८०२ साली मद्रासला लॅम्बटनने सुरू केलेला तो त्रिकोणमितीचा सर्व्हे, डोंगराच्या टोकावरून टोकावर दुर्बीण लावून अख्ख्या देशाचा सांगाडा बसवायचा, हे त्याचं काम. शिखराची उंची १८५६ साली जाहीर झाली तेव्हा स्वतः एव्हरेस्टसाहेब रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. तुमच्या सातबाऱ्यावरच्या नंबराचा त्या खात्याशी संबंध नाही. तुमचा नंबर आला मुंबई इलाख्याच्या रेव्हेन्यू सर्व्हेतून, ज्याची घडी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी बसवली, १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात नियम पक्के झाले, मग १८६५ चा सर्व्हेचा कायदा आणि १८७९ चा जमीन महसूल कायदा. खातं वेगळं, अवजारं वेगळी आणि हेतू तर पूर्णच वेगळा.

आता इंच. इथे जरा थांबूया कारण सगळ्या फॉरवर्डचा जीव या इंचात आहे.

आपल्याकडच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे भाग १६, एकेका भागाला आणा म्हणायचं. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशोब शाळेत नाही तरी जमिनीच्या व्यवहारात सगळ्यांना पाठ असतो. पण एक आणा म्हणजे किती ते कुणी काढून बघत नाही. दोन फूट पाऊण इंच! ज्या टिपणात, म्हणजे जागेवर काढलेल्या मापांच्या कच्च्या नकाशात, माप साखळी आणि आण्यात लिहिलंय त्याची पायरीच दोन फुटांची, मग त्यातून इंच कुठून आणणार? शिवाय साखळी लोखंडी, वापरून वापरून कड्या ताणतात, लांबी वाढते. आणि ती सपाट धरायची असते. देशावरच्या माळावर ठीक आहे, पण आमच्या वरकसाच्या, म्हणजे नाचणीच्या डोंगरजमिनीच्या, उतारावर, करवंदीच्या जाळीतून, मधे व्हाळ, पलीकडे कातळ, तिथे साखळी उतारावर तशीच टाकली की माप फुगतं. २० अंशाचा उतार घ्या, जमिनीवरून ३३ फूट भरले तर नकाशावर ते ३१ च धरायला हवेत. दर साखळीला दोन फूट! चांगला मोजणीदार साखळी उचलून पायरी पायरीने मोजायचा हे मान्य, पण प्रत्येक गडग्यापाशी भर उन्हात प्रत्येकाने ते केलंच असेल अशी खात्री फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुठून आली देव जाणे.

बरं, हे झालं टिपणाचं. लोक भांडतात ते तर गावनकाशा मोबाईलवर झूम करून. बऱ्याच जुन्या गावनकाशांचं प्रमाण आहे ८ इंचाला १ मैल, म्हणजे १ इंचाला ६६० फूट. त्या नकाशावर शाईची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी जमिनीवर ती जवळजवळ ४ मीटर रुंद होते. नुसती रेघ! तुमचा वादाचा बांध, त्यावरचा फणस आणि शेजाऱ्याची गोठ्याची पडवी हे सगळं त्या एका रेघेच्या पोटात मावतं, आणि तुम्ही ती स्क्रीनवर दोन बोटांनी ताणून हद्द ठरवताय.

आणि मुळात त्यांनी तुमचा बांध मोजलाच नव्हता. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मोजला तो सर्व्हे नंबर, म्हणजे सारा (जमिनीचा कर) बसवायला सोयीचा तुकडा, साधारण एका बैलजोडीला कसता येईल एवढा असावा हा मूळ विचार, आणि तो विचार देशावरचा. कोकणात चटईएवढ्या कुणग्यात तीन भावांची लावणी असते, एका नंबरात दहा जणांची वहिवाट असते. तो आतला वाटा पोटहिस्सा म्हणून मोजून फाळणीला (पोटहिस्स्यांच्या मोजणीच्या कागदाला) चढवायचं काम बरंचसं नंतरचं, १९०३ साली रेकॉर्ड ऑफ राइट्सचा, म्हणजे हक्कनोंदीचा, कायदा आल्यानंतरचं. सातबारा ज्यातून उभा राहिला ते कागद या टप्प्यावरचे. तेव्हा तुमचा आणि चुलत्याचा वाद जर हिस्सा नंबर ३ आणि ४ मधला असेल तर विंगेटसाहेबाला मधे आणून उपयोग नाही, फाळणीचा कागद काढा.

साहेबाने स्वतः मोजलं? तर नाही. साहेब वरून देखरेख करायचा, मोजलेल्यातले थोडे नंबर परत मोजून तपासायचा. साखळी ओढणारे, काटकोन धरणारे, टिपण काढणारे, गुणाकार बुकात क्षेत्र काढणारे सगळे आपलेच लोक. गावाची शीव कुठून कुठे जाते हे दाखवायला महार पुढे असायचा, कारण सीमेचा जाणकार तोच. उघडीपीच्या महिन्यांत शिवारात काम, पावसाळा लागला की कचेरीत बसून आकडेमोड आणि नकाशे. आणि कागद लिहिलेत मोडीत. म्हणजे ज्या अचूकतेचे गोडवे गाता ती होती तेवढी आपल्याच कारकुनांची होती, पण त्यांच्याबद्दल फॉरवर्डात एक शब्द नाही.

मग ते खातं टाकाऊ होतं का? अजिबात नाही. ते ज्या कामासाठी काढलं होतं त्यात ते फार पक्कं होतं, आणि ते काम म्हणजे सारा. खरी मेहनत बघायची तर मोजणीत नाही, प्रतवारीत बघा. मोजणीची माणसं गेली की प्रतवारीवाले यायचे. शेताचं कच्चं चित्र काढून त्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात माती किती खोल ते बघायचं, रंग आणि पोत बघायचा. पावणेदोन हात खोल उत्तम माती असली की सोळा आणे, म्हणजे पूर्ण प्रत, तिथून खाली खाली उतरत जायचं. चुनखडी आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी साचतं, असे दोष सापडले की प्रत आणखी घसरते. भाताच्या जमिनीला पाण्याचा हिशोब वेगळा. हे सगळं गोळा करून प्रत्येक नंबराची भागआणी, म्हणजे प्रतीचा आण्यातला आकडा, निघायची, मग बाजार किती लांब, हवामान कसं, आधीच्या वर्षांत वसुली कशी झाली हे बघून तालुक्यातल्या गावांचे गट करून दर लागायचे, आणि तो दर ३० वर्षं बांधलेला. वर त्या मुदतीत शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने विहीर खणली, जमीन सुधारली तर त्यावर जादा सारा नाही हेही तत्त्व कायद्यात होतं. हे चांगलंच होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण माती किती खोल याला जी नजर लावली ती तुमची मेर कुठून वळते याला लावलेली नव्हती, कारण मेर दोन फूट इकडची तिकडे झाली तर सरकारच्या साऱ्यात आणा-पैचा फरक पडायचा. तुमच्या दृष्टीने त्या दोन फुटांत आज रस्त्याला लागून प्लॉट आहे, त्यांच्या दृष्टीने नाचणीचं वरकस होतं.

मालकीचा मुद्दा तर कोकणी माणसाने तरी पुढे ढकलायला नको होता, इतका तो उलटा आहे. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत ठिकठिकाणी खोती होती हे विसरलात? सरकारात जमा भरणार खोत, आणि कुळाने खोताला द्यायचं अर्धेलीने नाहीतर तिर्धेलीने, म्हणजे पिकाचा निम्मा नाहीतर तिसरा हिस्सा. सर्व्हे आला तेव्हा कुळाचा हक्क काय, खोताचा काय, कुणाच्या नावावर काय लिहायचं यावरून वर्षानुवर्षं रणं माजली, खोतांची बाजू मांडायला रावसाहेब मंडलिकांसारखा मोठा माणूस उभा होता, आणि शेवटी सरकारला १८८० साली खोती सेटलमेंटचा वेगळा कायदाच करावा लागला. त्यातही खोत राहिलाच. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कसणारा मालक झाला तो कुळकायद्याने, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून. तुमच्या आजोबांचं नाव कब्जेदार म्हणून कधी लागलं ते जुने फेरफार काढून बघा. बऱ्याच घरांत ती तारीख साहेब बोटीत बसून गेल्यानंतरची निघेल.

‘तेव्हा भांडणं नव्हती’ याला यातच उत्तर आलं खरं तर. तरी दोन गोष्टी. अलिबागजवळ चरीला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ शेती कसायचीच सोडून दिली होती, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, खोतांच्या विरोधात. सहा वर्षं पोटाला चिमटा काढून. आणि त्याच्या आधी १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्यात जंगलाच्या हद्दी आणि राब, म्हणजे शेत भाजायच्या फांद्या, तोडायच्या हक्कावरून एवढी ओरड झाली की सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. रेघ मारली की भांडण मिटतं असं नसतं, कधी कधी रेघेपासूनच सुरू होतं.

लाच. विंगेटच्या आधी, १८२० च्या दशकाच्या अखेरीला, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने देशावर सर्व्हे केला होता. कागदावर अतिशय हुशार, उत्पन्नातून खर्च वजा करून निव्वळ नफ्यावर सारा बसवायचा. प्रत्यक्षात मोजणी चुकीची निघाली, खालच्या नोकरांनी हात ओले केले, सारा न झेपून लोक शेतं टाकून गेले, आणि हे इंग्रज सरकारच्या स्वतःच्या कागदांत लिहिलेलं आहे. गोल्डस्मिड-विंगेटना नव्याने सुरुवात करावी लागली ती याच्यामुळे. आणि खालचेच कशाला, वरचे घ्या. ज्याच्या नावाचं मुंबईत क्रॉफर्ड मार्केट होतं तो आर्थर क्रॉफर्ड पुढे पुण्यात महसूल कमिशनर होता. १८८८ साली त्याचं प्रकरण बाहेर आलं, बदली-बढतीसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचं. चौकशीत लाचेच्या आरोपातून सुटला, हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जं घेतल्याचं मात्र सिद्ध झालं आणि नोकरी गेली. मामलेदारांची बाजू टिळकांनी लावून धरली होती. ही महसूल खात्याची अगदी वरची खुर्ची बरं का, तिथे हे, तर वरकसाची प्रत बारा आणे लिहायची का दहा हे ज्या कारकुनाच्या हातात होतं त्याला कुणी कधी कोंबडी पोचवली नसेल असं ज्याला मानायचं त्याने मानावं.

साहेबाने सगळं फुकट करून दिलं, हा मुद्दा काही ग्रुपवर जोडून येतो. हद्दीच्या दगडांची निगा राखायची जबाबदारी खातेदारावर होती आणि त्याने नाही केलं तर सरकारने दुरुस्त करून खर्च त्याच्याकडून वसूल करायची सोय कायद्यात होती. पुढचा मुद्दा.

मशीन लावलं की जमीन कमी भरते हे मात्र खरंच घडतं, लोकांचा राग समजतो. पण कारण बघा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आलं आकारबंदातून, म्हणजे नंबरवार क्षेत्राच्या आणि साऱ्याच्या नोंदवहीतून, आकारबंदात ते आलं गुणाकार बुकातून, गुणाकार बुकात ते आलं त्या साखळी-आण्याच्या मापांतून. उतारावर फुगलेलं माप तिथूनच खाली वाहत आलंय. ईटीएस किंवा रोव्हर ही आजची मोजणीची मशीनं जागेवरचं आडवं अंतर देतात, त्यामुळे डोंगरउताराच्या नंबरात क्षेत्र कमी दिसू शकतं, कधी जास्तही दिसतं, पण जास्त भरलं की कुणी ग्रुपवर टाकत नाही. त्यात जिथे १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट आले, म्हणजे हातातला नंबर साहेबाचा उरलेलाच नाही. दुसरं म्हणजे मशीन स्वतःहून हद्द ठरवत नाही. ते फक्त मोजतं. हद्द कायम करताना मोजणीदाराने जुन्या टिपणाशी, फाळणीशी आणि जागेवरच्या जुन्या निशाण्यांशी जुळवायचं असतं, आणि चूक होते ती बहुतेक तिथे. फाळणी न बघता नुसता गावनकाशा वहिवाटीवर बसवला की शेजाऱ्याचं कलमाचं झाड तुमच्यात येतं.

तेव्हा मोजणी पटली नाही तर खात्याला शिव्या घालायच्या आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या नंबराचं टिपण, गुणाकार बुक आणि फाळणीची नक्कल काढा, मोडी असेल तर वाचणारा शोधा, क प्रत, म्हणजे आत्ताच्या मोजणीचा नकाशा, शेजारी ठेवा आणि कुठला कोन कुठल्या दगडावर बसवलाय ते विचारा. उत्तर पटलं नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज करता येतो, ती वरचा अधिकारी करतो, आणि तीही नाही पटली तर सुपर निमताना आहे. अर्जाबरोबर फॉरवर्डचा स्क्रीनशॉट जोडू नका.