कुत्र्याच्या वशिल्याने

लडलोमध्ये ओळखी व्हायच्या दोनच वाटा: हवामान आणि कुत्रा. आमच्याकडे कुत्रा नाही. त्यामुळे बायकोच्या नोकरीपायी इथे आल्यावर मी सगळा कारभार हवामानावर रेटला.

गाव इंग्लंडातल्या श्रॉपशरमधलं, वेल्सच्या सीमेजवळचं. टोकाला नॉर्मन किल्ला, त्याच्यासमोर चौक आणि चौकात सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी नि शनिवारी बाजार. आठवड्यातून चार दिवस बाजार भरणाऱ्या गावाला लोक शांत का म्हणतात, हे मला कळेना. मग एका बुधवारी गेलो. कोणी ओरडत नाही. भाव पाटीवर लिहिलेला, म्हणजे घासाघीसही नाही. रांगेत पुढच्या आजीबाई चीजवाल्याला रात्रीचा पाऊस सविस्तर सांगताहेत, त्याची परवाच्या पावसाशी तुलना करताहेत आणि मागची अख्खी रांग घड्याळाकडे न बघता ऐकतेय. माझी पाळी आली तेव्हा मीही "दुपारी उघडेल असं वाटतं" म्हणून खारीचा वाटा उचलला.

आपली रीत कशी, माणूस भेटला की मूळ गाव कुठलं, आडनाव काय, घर स्वतःचं की भाड्याचं. चहा येईपर्यंत पगार कळतो. इथे शेजारच्या आजोबांशी कुंपणावरून रोज बोलून त्यांचा गुडघा, त्यांचे गुलाब आणि टीम नदीचं पाणी मला तोंडपाठ झालं. नाव मात्र विचारायचं राहून गेलं. इतक्या दिवसांनी विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्या मानाने मेलेल्यांशी लवकर जमलं. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर नव्या नवरीला, कॅथरिनला, घेऊन या किल्ल्यात राहायला आला आणि एप्रिल १५०२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, इथेच गेला. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. पुढे ती बिचारी धाकट्या दिराच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या, पदरात पडली. आर्थर कशाने गेला यावर मतभेद आहेत. इथला फेब्रुवारी काढल्यापासून माझं मत पक्कं आहे. पुढे १८११ साली हा पडका किल्ला सरकारकडून विकत कोणी घ्यावा? रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने! तटाकडे बघताना यात आपलीही थोडी वर्गणी असणार असं वाटतं. तिकीट मात्र पूर्ण घेतात.

शेवटी आजोबांच्या गुडघ्याने संप पुकारला आणि त्यांच्या कुत्र्याला, अल्फीला, फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ब्रॉड स्ट्रीटच्या उतारावर पर्यटक जॉर्जियन घरांचे फोटो काढतात. अल्फी त्याच घरांच्या पायऱ्या हुंगतो. आणि काय सांगू, आजवर माझ्याकडे मान हलवून पुढे जाणारे लोक भर रस्त्यात गुडघे टेकून बसले. अल्फीचं पोट, अल्फीचे दात, अल्फीचा स्वभाव, सगळ्याची चौकशी झाली. माझी नाही, पण दोरीचं दुसरं टोक म्हणून मला गावात मान मिळाला.

घरी परतताना एक गोष्ट आठवली. इथे रस्त्यावर कुत्रा न्यायचा तर गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता हवा, असा १९९२चा कायदा आहे. फाटकापाशी वाकून वाचलं. संध्याकाळी कुंपणावरून आजोबांना थेट "मिस्टर अमुक" अशी हाक मारली. ते थबकले. कान लाल झाले.

"माफ करा हं," ते म्हणाले, "पण तुम्ही तुमचं नाव काय सांगितलं होतंत?"

मी सांगितलंच नव्हतं.