'धर्महिंसा तथैव च': महाभारतात नसलेली अर्धी ओळ

भगवी पार्श्वभूमी, सुदर्शनचक्र उगारलेला कृष्ण आणि खाली मजकूर: "शाळेत आपल्याला अर्धाच श्लोक शिकवला. पूर्ण श्लोक असा आहे: अहिंसा परमो धर्मः धर्महिंसा तथैव च. अहिंसा श्रेष्ठ धर्म आहेच, पण धर्मासाठी केलेली हिंसाही तितकीच श्रेष्ठ. गांधींनी दुसरा भाग लपवला आणि समाजाला दुबळं केलं." सगळ्यात शेवटी एकच शब्द, 'महाभारत'. सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर हे चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. भाषणांतही ही ओळ टाळ्या घेते. पर्व नाही, अध्याय नाही, श्लोकाचा आकडा नाही. पाकिटावर नुसतं 'महाराष्ट्र' लिहून पत्र टाकावं, तसला हा पत्ता.

हिंसा कधीकधी अटळ असते का, हा वाद खुशाल घाला. महाभारत त्या वादाने भरलेलं आहे. माझी तक्रार एवढीच, की व्यासांच्या तोंडी आपली ओळ घालू नका. आता एकेक मुद्दा घेऊ.

"पूर्ण श्लोक महाभारतात आहे." पहिला अर्धा नक्की आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. पण प्रत्येक ठिकाणी त्याच्यापुढे वेगळंच काही येतं, आणि 'धर्महिंसा' कुठेच येत नाही.

आदिपर्वाच्या अकराव्या अध्यायात ही ओळ कोण म्हणतं? एक साप. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरते, रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत मिळवतो आणि मग दिसेल तो साप ठेचत सुटतो. एके दिवशी त्याची काठी डुंडुभ नावाच्या बिनविषारी सापावर उगारली जाते. हा मुळात ऋषी. लहानपणी गंमत म्हणून त्याने गवताचा साप करून मित्राला घाबरवलं आणि मित्राच्या शापाने स्वतःच साप झाला. (खोट्या वस्तूने लोकांना घाबरवण्याची ही शिक्षा फॉरवर्ड करणाऱ्यांनी आवर्जून वाचावी.) तो रुरूला सांगतो: "अहिंसा परमो धर्मः सर्वप्राणभृतां स्मृतः। तस्मात् प्राणभृतः सर्वान् न हिंस्याद् ब्राह्मणः क्वचित्॥" म्हणजे पुढचा भाग पहिल्याला छेद देत नाही, उलट अधिकच पक्का करतो: म्हणून ब्राह्मणाने कुठल्याही जिवाला मारू नये.

वनपर्वात हेच शब्द मिथिलेच्या धर्मव्याधाच्या तोंडी आहेत. हा मांसविक्रेता. तपाचा ताठा चढलेला कौशिक नावाचा ब्राह्मण त्याच्या दुकानाशी येऊन धर्म शिकतो. तिथे पुढचे शब्द आहेत "स च सत्ये प्रतिष्ठितः", हा धर्म सत्यावर उभा आहे.

तिसरं स्थळ अनुशासनपर्वात. शरपंजरी भीष्म युधिष्ठिराला सांगतात: "अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः। अहिंसा परमं दानमहिंसा परमं तपः॥" पुढे अहिंसा हाच यज्ञ, हाच मित्र, हेच सुख, हेच सत्य अशी रांग लागते. एवढं मोठं युद्ध नुकतंच संपलंय, तेव्हा विषय युद्धाचाच असेल असं कुणालाही वाटेल. विषय आहे मांस खावं की नाही. भीष्म तिथे क्षत्रियाच्या शिकारीला सवलतही देतात, पण एकूण सूर मांस सोडण्याकडे. हे प्रकरण मनावर घेतलं, तर पहिला घाला रविवारच्या मटणावर पडेल. त्यामुळे ते कुणी फॉरवर्ड करत नसावं.

"गीतेत कृष्णानेच सांगितलंय." चित्रावर कृष्ण असतो म्हणून हे चिकटलं. गीतेत अहिंसा हा शब्द दहाव्या, तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या अध्यायांत येतो, दरवेळी सद्गुणांच्या यादीत. 'अहिंसा परमो धर्मः' हा चरण सातशे श्लोकांत एकदाही नाही, मग त्याचा 'उरलेला भाग' कुठून असणार? घरोघरी गीता आहे, अर्ध्या तासात खात्री होते.

"गांधींनी दुसरा भाग लपवला." इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या मजकुराचा जीव या आरोपात आहे.

गांधी दक्षिण आफ्रिकेतून 1915 च्या जानेवारीत परतले. त्याच वर्षी टिळकांचं 'गीतारहस्य' छापून बाहेर पडलं. लिहून झालं होतं त्याच्याही आधी, मंडालेच्या तुरुंगात. त्यातलं 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण उघडा. टिळक नेमका हाच चरण घेतात, आदिपर्वाचा पत्ता देऊन, आणि विचारतात: हे तत्त्व सगळे मानतात खरे, पण कुणी आपल्याला ठार करायला किंवा आपलं घर जाळायला आला तर काय करायचं? उत्तरासाठी ते मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातलं "आततायिनमायान्तं हन्यादेवाविचारयन्" काढतात: अंगावर चालून आलेल्या आततायीला विचार न करता मारावं. मग शांतिपर्वातलं अर्जुनाचं बोलणं काढतात, की पापणी मिटली तरी मरतील इतके सूक्ष्म जीव जगात भरलेले आहेत. अहिंसेला अपवाद असतात हे सिद्ध करायला टिळकांसारखा संस्कृतज्ञ इतका लांबचा फेरा घेतो. चरणाच्या शेजारीच 'धर्महिंसा तथैव च' असतं, तर त्यांना मनूकडे जायची गरज काय होती? गीतारहस्यात ही ओळ नाही. टिळकांपासून ती गांधींनी लपवली असं म्हणायचं असेल, तर गांधींच्या ताकदीवर तुमचा त्यांच्या भक्तांपेक्षा जास्त विश्वास आहे.

विरोधक गप्प होते असंही नाही. लाला लजपतरायांनी 1916 मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'अहिंसा परमो धर्मः' याच चरणावर टीकालेख लिहिला. अहिंसेच्या अतिरेकाने देश दुबळा झाला, असा त्यांचा आक्षेप होता. गांधींनी त्याच मासिकात त्याच वर्षी उत्तर दिलं. हा वाद दोघांनी स्वतःच्या नावावर, उघड घातला. आणि 1920 च्या ऑगस्टमध्ये 'यंग इंडिया'त गांधी स्वतः लिहून गेले, की भित्रेपणा आणि हिंसा एवढेच दोन पर्याय असतील तर मी हिंसेचा सल्ला देईन. गांधींवर टीका करायला हरकत कसलीच नाही, पण त्यांनी लिहिलेलं वाचून करावी.

"मूळ पोथ्यांत होतं, पुण्याच्या पंडितांनी गाळलं." पहिले मुद्दे कोसळले की हा निघतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. काश्मिरी शारदा लिपीपासून मल्याळमपर्यंत वेगवेगळ्या लिपींतल्या 1259 हस्तलिखितांचा त्यासाठी विचार झाला. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर 1943 मध्ये वारले, काम पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्यांनी नेलं.

या आवृत्तीचं एक पान पाहिलं की 'गाळलं' या शब्दात दम राहत नाही. वर स्वीकारलेली संहिता. जिथे संपादकांची खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. आणि खाली, बहुतेकदा अर्ध्याहून जास्त पान व्यापून, बारीक टाइपात तळटिपा: कुठल्या हस्तलिखितात कुठलं अक्षर वेगळं, कुठे कुठली ओळ जास्त. मुख्य संहितेत न घेतलेल्या ओळी तारांकित करून आकड्यानिशी छापल्या आहेत. त्याहून लांब भाग खंडांच्या शेवटी परिशिष्टांत. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपली सगळ्यांची लाडकी कथा संपादकांनी परिशिष्टात टाकली. पुण्यात बसून! वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही मुख्य संहितेत नाही. पण दोन्ही मजकूर छापलेले आहेत, कुणालाही वाचता येतात. गणपतीला परिशिष्टात पाठवायला न कचरणारे लोक आठ अक्षरांचा चरण कशाला दडवतील? तो एखाद्या हस्तलिखितात आहे असं ज्याचं म्हणणं आहे त्याने तारांकित ओळीचा आकडा द्यावा. तळटिपा त्याचसाठी आहेत.

बरं, पुण्याची आवृत्ती नको असेल तर नीलकंठ चतुर्धरांची घ्या. सतराव्या शतकातले हे महाभारताचे टीकाकार (म्हणजे अर्थ उलगडणारे भाष्यकार) मूळचे कोपरगावचे, स्थायिक काशीत. त्यांच्या टीकेसह छापलेलं महाभारतच घराघरांत आणि कीर्तनांत पोचलं. गांधींच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधीचा माणूस. त्यांच्या पाठातही ही ओळ नाही.

"पण किती सहज छंदात बसते! बनावट कशी असेल?" बोटांवर मोजा: ध-र्म-हिं-सा-त-थै-व-च, आठ अक्षरं. अनुष्टुभ म्हणजे आठ अक्षरांच्या चार चरणांचा छंद. त्याच्या सम चरणात, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्यात, पाचवं लघु, सहावं गुरू, सातवं लघु लागतं; त-थै-व, बरोबर बसलं. पण 'तथैव च' हे अनुष्टुभातलं ठरलेलं भरताड आहे, महाभारतात आणि पुराणांत चरण पुरा करायला पानोपानी सापडतं. त्याच्यापुढे हवी ती चार अक्षरं ठेवा, तयार झाला श्लोक. कानाला खरं वाटणं हा पुरावा धरला, तर गल्लीतल्या प्रत्येक आरती रचणाऱ्याला व्यास म्हणावं लागेल.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात चिवट: "ओळ नसेल, पण अर्थ तर महाभारताचाच आहे ना?" नाही, आणि खरी गोची इथेच आहे. महाभारत या प्रश्नावर जोडओळीपेक्षा कितीतरी सावध आहे. डुंडुभ रुरूला लगेच पुढे सांगतो, की दंड धारण करणं, उग्रता आणि प्रजेचं पालन हा क्षत्रियाचा धर्म, तो तुझा नव्हे. म्हणजे शस्त्राला जागा आहे. पण ती राज्य करणाऱ्याला, प्रजा सांभाळण्याच्या जबाबदारीसकट. बायकोच्या दंशाचा सूड अख्ख्या जातीवर उगवणाऱ्याला ती नाही. या कथेनंतर लगेच जनमेजयाच्या सर्पसत्राची हकिगत येते. तिथेही एकाच्या दंशासाठी सगळ्या सापांना आगीत ओढलं जातं आणि आस्तिक नावाचा तरुण ब्राह्मण ते थांबवतो. धर्मव्याध तर म्हणतो, नांगर चालवताना जीव मरतात, अहिंसेला वाहिलेल्या यतींच्या हातूनही हिंसा होतेच, प्रयत्नाने ती कमी मात्र होते. हिंसा अटळ आहे असं मानणारा हा माणूस तिला 'तितकीच श्रेष्ठ' म्हणत नाही.

आणि धर्माच्या नावाने केलेली हिंसा हीच अहिंसा, हा युक्तिवाद मराठीला नवा नाही. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका पदावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या, त्यांची सुरुवातच याने होते. पाऊस पडावा म्हणून यज्ञात पशू मारायचे आणि त्यालाच अहिंसा म्हणायचं, हा मीमांसकांचा, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचा, निर्णय ते आधी मांडतात आणि म्हणतात: ही अहिंसा म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालणं.