नागेशला पुरस्कार मिळाला, पण कशासाठी?

'प्यार किये जा'मधला तो प्रसंग आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. सिनेमा काढायचं खूळ डोक्यात शिरलेला मेहमूद बापाला, म्हणजे ओमप्रकाशला, भुताची गोष्ट ऐकवतो आणि म्हाताऱ्याची गाळण उडते. त्या भूमिकेसाठी मेहमूदला फिल्मफेअर मिळालं. मूळ भूमिका मात्र तमिळ नट नागेशची. दिग्दर्शक श्रीधर यांनीच १९६४ साली तमिळमध्ये 'कादलिक्क नेरमिल्लै' केला होता, त्यात मुलगा नागेश आणि बाप टी. एस. बालय्या. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा. मेहमूद भारीच, पण तो हशा स्वतःकडे ओढतो. नागेश तोंडाने नाना आवाज काढतो, हात हवेत नाचवतो, आणि आपण हसतो ते बालय्यांचा पांढराफटक पडलेला चेहरा बघून. आलेला हशा समोरच्याला देऊन टाकायचा, याला छाती लागते.

तरीही नागेश म्हटलं की 'तमिळचा कॉमेडियन' यापुढे गाडी जात नाही. माझी तक्रार तिथेच आहे.

तमिळनाडूतल्या धारापुरमच्या कन्नड घरातला हा माणूस. आधी रेल्वेत कारकुनी, जोडीला नाटकं. चेहऱ्यावर देवीचे व्रण, अंगावर मूठभर मांस नाही. असल्या रूपाला हिरो कोण करणार? के. बालचंदर यांनी लिहिलेल्या 'सर्व्हर सुंदरम'ने केलं. हॉटेलातला वेटर सिनेमात नाव काढतो, मनातली मुलगी मात्र त्याला मिळत नाही. (हिंदीत त्याचा 'मैं सुंदर हूँ' झाला. तिथेही मेहमूदच!)

आणि १९६५चा 'तिरुविळैयाडल'. शिवाजी गणेशन साक्षात शंकर, आणि नागेश धरुमी नावाचा कंगाल कवी. पांड्य राजाने हजार मोहरांचं बक्षीस लावलंय आणि याला एक कविता सुचत नाही. देवळात एकटाच कपाळ बडवत रडतो. शंकर कवितेचं भेंडोळं देऊ करतात, तर हा आधी त्यांचीच परीक्षा घेतो. कायम जोडीने राहतं ते काय, या प्रश्नावर उत्तर येतं, दारिद्र्य आणि विद्वत्ता. त्या वेळचा नागेश बघा. सगळं अंग आक्रसलेलं, आवाज चिरका, आणि समोर शिवाजींसारखा पहाड. तमिळ येत नसलं तरी काही अडत नाही. हसता हसता पोटात कालवतं, कारण त्याची भूक खोटी वाटत नाही.

आता १९९४. त्या एका वर्षातले नागेशचे दोन सिनेमे घ्या. 'मगळिर मट्टुम'मध्ये तो चक्क प्रेत आहे. संवाद नाही, पापणी हलवायची सोय नाही, बायका इकडून तिकडे ओढतायत आणि आपली हसून पुरेवाट. 'नम्मवर'मध्ये तो मुलगी गमावलेला बाप. राष्ट्रीय पुरस्कार कुठल्या भूमिकेला मिळाला, ओळखा बघू. अर्थात बापाच्या. काम सुंदरच आहे, वाद नाही. पण तीस-पस्तीस वर्षं माणूस हसवत होता तेव्हा ज्युरी काय करत होती? नट रडला की मगच त्याला अभिनय येतो, हे आपल्याकडे ठरलेलंच. पद्म पुरस्कार तर नाहीच. २००९ साली गेला.

'अप्पू राजा' डब होऊन आपल्याकडे धो धो चालला होता. त्यातला धर्मराज, तो थंड डोक्याचा खलनायक, नागेशच. किती जणांना माहीत होतं? कमेंटमध्ये खरं सांगा.