पोत्यातून केलेली ‘सोय’

आज संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आमच्या फाटकाशी आली. तिच्या हातात पिवळ्या पट्टेवाल्या बोक्याचा फोटो होता आणि ‘काका, हा इकडे आला होता का?’ असे ती वॉचमनला विचारत होती. वॉचमनने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले. कारण निळा पट्टा बांधलेला हाच बोका परवापासून आमच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली दबून बसला होता आणि आज सकाळीच सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी त्याला पोत्यात घालून राजाराम पुलापलीकडे, सिंहगड रस्त्याच्या बाजूला, एका मासळीच्या दुकानामागे सोडून दिले होते. ‘मांजराची सोय केली आहे’ असे त्यांनी ग्रुपवर कळवले, त्याखाली अकरा जणांनी हात जोडले. तो मेसेज मी दुपारी वाचला होता आणि काहीही लिहिले नव्हते, हेही इथे सांगून टाकते.

गळ्यातला पट्टा मांजर स्वतः बाजारातून विकत आणत नाही, एवढे तरी कळायला हवे होते.

माझी ठमी २०१९ च्या जुलैमध्ये हरवली, तेव्हा मीही मूर्खासारखीच वागले होते. रंगारी दार उघडे टाकून गेले आणि ती तिसऱ्या मजल्यावरून नाहीशी झाली. चार दिवस आम्ही कर्वे पुतळ्यापर्यंत कागद चिकटवत आणि भर दुपारी हाका मारत फिरलो. शेवटी शेजारच्या इमारतीचे वॉचमनमामा म्हणाले, ‘‘ताई, मांजर लांब जात नसतंय. भ्यालेलं मांजर वरडत बी नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन खाली वाकून बघा.’’ पाचव्या रात्री, आमच्या जिन्यापासून फार तर चाळीस पावलांवर, पंपाच्या खोलीमागे दोन हिरवे ठिपके चमकले. चार दिवस ती तिथेच होती आणि माझ्या हाका ऐकत होती.

म्हणूनच आज एवढा संताप होतो आहे. घरात वाढलेले मांजर बाहेर पडले की बहुधा पहिल्या आडोशाला शिरते आणि गप्प बसते. हा बोकाही दोनशे पावलांवरच्या आपल्या घराकडे परतायची हिंमत गोळा करत त्या स्कूटरखाली बसला असणार. त्याला नदी ओलांडून नेणे म्हणजे त्याचा परतीचा रस्ताच पुसून टाकणे होय. सात गावे ओलांडून परत आलेल्या बोक्याच्या गोष्टी प्रत्येकाच्या आजोळी असतात, आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील. पण जी परतली नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगणार?

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आमची आजी सांगत असे. मला तर वाटते की या पोत्याच्या प्रथेचा उगम तिथेच आहे. मारले नाही म्हणजे पाप नाही, आणि पुलापलीकडे काय होते ते आपल्याला दिसत नाही! उपासमार होईल अशा जागी प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये आहे. आमच्या गृहस्थांना पेट्रोलच त्याहून महाग पडले असेल.

मांजर पाळायचे तर खिडक्यांना जाळी लावावी, हे मान्य. बोके स्कूटरच्या सीटवर नखे काढतात, हेही मान्य. तरीही त्या फोटोतला बोका दोन दिवस आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि एकानेही त्याचा फोटो काढून शेजारच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला नाही. मीही नाही. ज्यांनी पोते आणले त्यांचे नाव मी लिहीत नाही. ते याच मित्रयादीत आहेत, वाचतील.

ठमी दिसली तेव्हा मी आनंदाच्या भरात तिच्यावर झडप घातली आणि ती आणखी आत पळाली, हे मी फारसे कोणाला सांगत नाही. मग मामांच्या पत्नीने भाजून दिलेले सुके बोंबील समोर ठेवून, आमच्या शुद्ध शाकाहारी घराण्यातली मी, पावसात ओल्या जमिनीवर पहाटे चारपर्यंत तोंडातून शब्दही न काढता बसले होते. ती सरपटत आली आणि माझ्या ओच्यात शिरली. तिची थरथर मला अजून आठवते.

आता रात्रीचे साडेदहा झाले आहेत. त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना मी सगळे खरे सांगितले. ती रडली नाही, फक्त ‘पोत्यात अंधार असेल ना?’ एवढेच म्हणाली. एक वाजता तिचे वडील आणि मी पुलापलीकडे जाणार आहोत. तिने त्याची झोपायची चादर न धुता दिली आहे, बोंबील मी आणले आहेत. त्या बाजूला राहणाऱ्या मित्रांनी कृपया आपापल्या जिन्याखाली आणि मीटरच्या पेट्यांमागे बॅटरी मारून पाहावे. दिसला तर त्याच्या मागे धावू नका आणि उचलून दुसरीकडे नेऊ नका. तिथेच थांबा आणि मला फोन करा. त्याचे नाव खंडू आहे.